गिटारवरची म्हैस

माझा नवरा गिटारवर म्हैस काढतो. गाणी तर सगळेच काढतात. सत्यम आधी आवाजाचं बटण बंद ठेवून सगळ्यात जाड तार छेडतो, मग करंगळीनं ते बटण हळूहळू उघडत तार ओढतो, आणि आमच्या नांदेडच्या दोन खोल्यांत म्हैस रेकते. शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतूनच विचारलं होतं, दुधाचा धंदा काढला का म्हणून.

दिवसा तो इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात असतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. बॅटरी चार्जिंगची चिमटी तारेला लावली की देवळातल्या घंटेसारखा आवाज येतो, हा त्याचा त्यानंच लावलेला शोध. पातळ तारेला अंगठ्याची कड निसटती लागली की कुकरची शिट्टी. हातानं दाबून धरलेल्या तारांवर पिक, म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची चकती, घासत नेली की मुदखेडहून मालगाडी सुटते. हे मी कुणालाही सांगते. भाजीवालीलाही सांगितलंय.

हे सगळं त्यानं गोलूसाठी शोधलं. गोलू म्हणजे आमची ज्ञानेश्वरी. जन्मापासून तिला फार कमी ऐकू येतं. ते आधी मला कळलं, कारण मी सारखी तिच्याकडं बघत असते. कुकरला दचकत नव्हती, फटाक्याला दचकत नव्हती. लोक म्हणायचे, शांत लेकरू आहे, नशीब समज. मला ते काही नशीब वाटलं नाही. पुढं दोन्ही कानांना मशीन बसलं आणि लातूरच्या दीपाली मॅडमकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मॅडम अशा मुलांना ऐकायला शिकवतात. मशीन आवाज मोठा करतं, पण त्याच्याकडं लक्ष द्यायचं हे लेकराला शिकावंच लागतं, असं त्या म्हणायच्या.

जूनमध्ये तिला गल्लीतल्या बालवाडीत घालायचं होतं. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, एवढ्या लेकरांत मी एकटी. मागून हाक मारली तर पोरगी वळली पाहिजे, नाहीतर फाटकाबाहेर गेली तर मी काय करू. लातूरच्या मॅडम हो म्हणाल्या तर घेते. त्यांचंही चुकत नव्हतं. रस्त्यावरून मागून येणारी रिक्षा मलाही रोज स्वप्नात दिसायची.

मॅडमनी घरी करायला एक खेळ दिला होता. आवाज आला की स्टीलच्या डब्यात एक बांगडी टाकायची. खुळखुळा झाला, टिमकी झाली. गोलू जांभया द्यायची. म्हणून सत्यमनं ह्या खेळात आपली गिटार आणली. म्हैस रेकली, बांगडी पडली. मालगाडी सुटली, बांगडी पडली. एकही चुकली नाही. सासूबाई, साखराबाई, तेव्हा इस्लापूरहून आल्या होत्या. गिटार घेतली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ह्याच्यात पीठ तरी मळता येतंय का. आता भिंतीला टेकून बसायच्या आणि फर्माईश सोडायच्या: कोंबडी काढ, धबधबा काढ. तारांत कागद खोचून त्यावर ब्रश फिरवत सत्यमनं त्यांना इस्लापूरजवळचा सहस्रकुंडचा धबधबाही काढून दिला. मी माहेरी फोन करून सांगितलं, गोलू ऐकायला लागली.

लातूरला सत्यम गिटार आणि छोटा स्पीकर घेऊनच आला. मॅडमच्या खोलीत त्यानं म्हैस काढली, गोलूनं बांगडी टाकली, आणि मी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. मॅडम गोलूकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

त्यांनी सत्यमला पडद्यामागं पाठवलं आणि मला गोलूकडं पाठ करून बसायला सांगितलं. म्हैस रेकली. मालगाडी गेली. घंटा वाजली. डब्यात काहीच पडलं नाही.

"ताई, आवाज यायच्या जरा आधी तुमच्या भुवया वर जातात," मॅडम म्हणाल्या. "ती ऐकत नव्हती. तुम्हाला वाचत होती. पोरगी हुशार आहे, पण हे ऐकणं नाही."

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. सत्यमनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हैस आटली म्हण की." मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडूही.

घरी आल्यावर त्यानं खोलीत दोरी बांधून चादर टाकली आणि गिटार घेऊन तिच्यामागं बसला. स्पीकर उशीवर ठेवला, फरशीतून थरथर जाऊ नये म्हणून. राहिला माझा चेहरा. मी नसले की गोलू बसायची नाही, पाठ केली की पुढं येऊन तोंड बघायची, आणि माझ्या भुवया काही माझं ऐकत नव्हत्या. शेवटी मी साडी नेसले आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

सासूबाईंना तर करमणूकच झाली. "लगीन झालं तवा सासऱ्यापुढं दोन बोटं पदर घेतला न्हाई हिनं. शिकलेली हाय म्हणं. आता लेकीपुढं घेऊन बसून राहिली."

पहिल्या दिवशी गोलूनं आडवं पडून खालून पदरात डोकावलं. मी डोळे मिटून घेतले. पुढं कितीतरी दिवस डबा रिकामा राहिला. पदराआडच्या अंधारात मला म्हैस ऐकू यायची, कुकर ऐकू यायचा, आणि मग बांगडीची वाट बघायची. आत बसून मी स्वतःलाच समजावत असायची, बालवाडी पुढच्या वर्षीही असते.

एका दुपारी सत्यम चादरीमागून बाहेर आला. गिटार मांडीवर घेऊन गोलूसमोर बसला.

"हिनं म्हैस ऐकली कवा?" तो म्हणाला. "आपल्याला म्हैस माहीत हाय म्हणून आपण हसून राहिलो. हिच्यासाठी तो नुसता आवाज हाय. त्यात बी असा दबकत येणारा. हिनं कशाला लक्ष द्यावं?"

त्या दिवसापासून त्यानं जनावरं सोडली. जे कशासारखंच नाही असं काढायला लागला. एकदा माझी काचेची बांगडी मागून घेतली, चादरीमागं ती तारेवर टेकवून खालून वर सरकवली, आणि पायानं ते पेडल दाबलं, जे आवाज पुन्हा पुन्हा परतवून देतं. मी पदरात होते. आवाज वर गेला, वर थरथरला आणि आपल्याच मागं धावत खाली आला. इतकी वर्षं त्याचं वाजवणं ऐकलंय मी, असं कधी ऐकलं नव्हतं. त्याला काय म्हणावं तेच कळेना.

डब्यात बांगडी पडली.

हातातून निसटली असेल, असं मी स्वतःला बजावलं. आवाज पुन्हा आला, बांगडी पडली. मग सत्यम मुद्दाम थांबला. बराच वेळ थांबला. डबाही गप्प. आवाज आला आणि लगेच बांगडी. पदर वर करायचा नाही हे ठरलेलं होतं, म्हणून मी तशीच बसून राहिले, पदराची कड ओली होत गेली.

गोलू उठली, चादरीखालून पलीकडं गेली आणि म्हणाली, "वूवा."

तिनं त्या आवाजाला नाव ठेवलं होतं. सासूबाईंनी विचारलं, हे काय काढलं रे तू? सत्यम म्हणाला, मला बी माहीत न्हाई. त्यावर त्या म्हणाल्या, मग हेच काढत जा.

आमच्या घरात मग वूवाचंच राज्य आलं. सत्यम तो रोज थोडा हळू करायचा, थोडा आखूड करायचा. पुढं त्याच काचेनं तारेवर दोन सूर घ्यायला लागला, एक वरचा, एक खालचा, आपण अंगणातून हाक मारतो तसे: गो-लू. आधी तारेनं, लगेच तोंडानं. मग कधी तार, कधी तोंड. लग्नात लोक त्याच्या गाण्यांवर नाचतात ते मी पाहिलंय. पण तार माझ्या लेकीला हाक मारते आणि ती भाकरी टाकून वळते, हे मी त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावून पाहिलं.

मेमध्ये पुन्हा लातूरला गेलो. ह्या वेळी मॅडमनी मला खोलीतसुद्धा बसू दिलं नाही. आता ती तुमच्याशिवाय बसेल, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर देगलूरकडच्या कमलम्मा नावाच्या आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत काय चालू हाय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझा नवरा गिटार वाजवतोय. त्या म्हणाल्या, दवाखान्यात? मी म्हटलं, हो, दवाखान्यात.

दारातून वूवा आला. टण्ण करून बांगडी पडली. पुन्हा आला, जरा हळू. टण्ण. मग गो-लू, तारेवरचा. टण्ण. मग मॅडमचा स्वतःचा आवाज, गोलू. टण्ण. मग काहीच नाही. आतून अजिबात आवाज नाही, आणि तेवढ्यात टण्ण.

आवाज नसताना बांगडी टाकली म्हणजे ती अंदाजानं टाकत होती, म्हणजे सगळंच परत पहिल्यापासून. मी कमलम्मांकडं बघितलं. त्यांनीही भुवया उंचावल्या.

दार उघडलं. मॅडम हसत होत्या, पण ते बघूनही मला धीर आला नाही. "शेवटची चुकली ना?" मीच विचारलं. "आवाजच नव्हता."

"होता की," मॅडम म्हणाल्या. "ह्यांनी पडद्यामागं तारेला नुसतं बोट लावलं होतं. मी शेजारी उभी होते म्हणून मला आला. हाक मारली तेव्हाही वळली, पाठ होती तिची. घाला बालवाडीत."

मी कमलम्मांना विचारलं, आजी, तुम्हाला आला होता का तो? त्यांनी मान हलवली. "न्हाई बाई. तुझ्या पोरीला आला."

मी आत गेले. सत्यम काचेची बांगडी शर्टाला पुसत होता, लग्नात कुणी वाहवा केली की खाली बघतो तसा खाली बघत. गोलू माझ्याकडं पाठ करून डब्यातल्या बांगड्या काढत होती. मी दारातूनच, रोजच्या आवाजात, तिला हाक मारली.