न फोडलेलं बोंड

अनुपमाला कॉलेज सोडायचं होतं. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्रात ती दोनदा नापास झाली होती, आणि गावी, वरवट बकालला, आईसोबत शेतात निंदणाला बसायचं तिनं जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात नव्या मॅडमनी वर्गात एक ॲप आणलं. कपाशीच्या बोंडावर मोबाईल धरला की पडद्यावर तेच बोंड उघडायचं. आत कधी पांढरी रुई, कधी वळवळणारी गुलाबी अळी. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणे! नाव भलतंच लांब, पण पोरीचं डोकं चालायला लागलं. पुस्तक उघडलं की जांभया देणारी अनुपमा वर्गात पहिली आली. तिच्या आईनं, सोजराबाईनं, गावभर पेढे वाटले.

दसऱ्याच्या सुटीत आईनं हट्टच धरला, ते मोबाईलचं आपल्या शेतात दाखव.

आता बोंडअळी काही बाहेरून दिसत नाही. वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, दोन-तीनांत अळी निघाली की लगेच फवारायचं. हे शेजारच्या उकंडरावांना ठाऊक होतं, अनुपमाच्या वहीतही होतं. पण सोजराबाईच्यानं हिरवं बोंड तोडवत नसे. नवरा गेल्यापासून एकटीनं वाढवलेलं पीक ते. ती बापडी खाली गळालेलीच बोंडं फोडून पाहायची.

अनुपमानं झाडावरच्या बोंडावर मोबाईल धरला. आत पांढरीशुभ्र रुई. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. सोजराबाईचा चेहरा असा खुलला, की पोरीच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले. ते चित्र होतं, ॲपमधल्या पहिल्या धड्यातलं निरोगी बोंड. खऱ्या बोंडाच्या आतलं त्या मोबाईलला काय दिसणार, कपाळ! उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आईनं उकंडरावांना सांगून टाकलं होतं, की माझ्या पोरीनं बोंड न फोडता आतलं पाहिलं, यंदा फवारा लागत नाही. मग अनुपमाला लाज वाटली. आज नाही, उद्या, असं करत सुटी संपली आणि ती तशीच परत गेली.

दिवाळीला ती आली, तेव्हा अर्धं शेत काळं पडलं होतं. बोंडं धड उमलली नव्हती, आतली रुई किडून पिवळी झाली होती. सोजराबाई बांधावर बसून एकेक बोंड फोडत होती. आता तिचा हात अडत नव्हता.

अनुपमा तिच्यासमोर बसली. "माय, ते चित्र होतं. मले तवाच मालूम होतं."

सोजराबाईनं अंगठ्यावरची अळी लुगड्याला पुसली.

"खाली गळलेल्या बोंडात अळी दिसली होती मले," ती म्हणाली. "दसऱ्याच्याच दिवसांत. उकंडरावबी फवार म्हने. पन म्हटलं, पोरगी शिकून राह्यली, तिले आपल्याहून जास्त समजते."

आईनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अनुपमाला वाटलं. सोजराबाईनं हात लांबवून झाडावरचं एक हिरवं बोंड तोडलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"फोड," ती म्हणाली. "तुह्या हातानं."

अनुपमानं फोडलं. आत अळी होती.