बाटल्यांची ओटी

आर्वीच्या बाजूला मीराबाईची लांब रोटी नावाजलेली. चुलीवरच्या उपड्या मडक्यावर ती अशी पसरायची, जसा वाऱ्यानं उडालेला पदर. पण चोपन्न सालच्या माघात तिच्या मनगटांवर जांभळे चट्टे उठले, गालाच्या आत पांढरी जाळी विणली गेली, आणि शेजारच्या सीताबाईनं सांगून टाकलं, "माह्या लेकीच्या, कांताच्या लग्नात कणकेले हात नको लावू व मीरा. महारोग असला तं?"

आर्वीचे केशवराव डॉक्टर म्हणाले, "खाज सुटते ना? मग महारोग नसावा. महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलंही कळत नाही. पण माझ्या 'नसावा'नं गावाचं समाधान व्हायचं नाही." त्यांनी मनगटाची चिमूटभर कातडी अन् गालातला तांदळाएवढा तुकडा काढून औषधाच्या दोन बाटल्यांत बुडवला. नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम तिच्या नवऱ्यावर, नत्थूवर आलं.

सकाळी तो मोटारीकडे निघाला, तशी त्याची माय पंचफुला आडवी आली.

"सवाशीण शीव ओलांडून राह्यली, अन् ओटी नाई भरत?"

"माय, बाटल्या हायेत त्या."

"आत कोन हाय? माही सूनच ना?"

दोन्ही बाटल्यांना हळदकुंकू लागलं. खणात तांदूळ-सुपारी बांधली गेली.

"म्या अजून नागपूर पाह्यलं नाई," मीराबाई म्हणाली, "अन् माहा गाल चालला." हसताना गाल झोंबला, तरी हसू आवरेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. दवाखान्यात ते ऐकून मीराबाईनं फुगडी घालायचीच काय ती बाकी ठेवली. मग डॉक्टरांना थेट सीताबाईच्या मांडवात नेलं. "आता सगळ्यायसमोर सांगा."

डॉक्टर म्हणाले, "नागपूरला तुकड्यांचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकातून पाहिले. नसा शाबूत, महारोगाचा जंतू एक नाही. वरच्या थराला करवतीसारखे दात, त्याखाली पेशींची दाट किनार. मनगटातही तीच, गालातही तीच. ह्याला लायकेन म्हणतात. छळतं, पण कोणाला लागत नाही."

"म्हंजे?" सीताबाईनं विचारलं.

"म्हणजे तिच्या हातची रोटी खा."

सीताबाई मान खाली घालून परात घेऊन आली. "रागावली काय व?"

"रागावली ना. म्हनून तं तुलेच पानी आनाले लावून राह्यली."

मीराबाईनं बांगड्या वर सारल्या, चट्टे खुशाल उघडे टाकले. कणीक दणादण आपटली. रोटी बोटांवरून कोपरांवर झुलली, मीराबाई तिच्यासंगं झुलली. पाहता पाहता रोटी मडक्याच्या दोन्ही अंगांनी खाली लोंबली.

"पुरे व, मडकं दिसत नाई," सीताबाई म्हणाली.

"मंग मोठं मडकं आन."