चंबूतली पृथ्वी

दहावीत असताना मी आणि आगाशे सरांनी वाईच्या शाळेत चारशे कोटी वर्षांपूर्वीची पृथ्वी तयार केली. साहित्य: काचेचा चंबू, पाणी, अमोनिया, आकाशातल्या विजेच्या जागी स्कूटरचा स्पार्क प्लग. मिथेन म्हणून मी गोबरगॅस सायकलच्या ट्यूबमध्ये भरून आणला होता. हायड्रोजन मिळाला नाही. पृथ्वीने समजून घेतलं.

आठ दिवस ठिणग्या दिल्या. अशा वायूंपासून जिवाचा कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लांसारखी सेंद्रिय संयुगं बनली की पाणी लाल होतं, असं सर म्हणाले होते. आमचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. मध्ये दसऱ्याची सुट्टी लागली. परत येऊन बघतो तर चंबू लाल! सरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग त्यांनी मला स्वतःच्या पैशाने भेळ खाऊ घातली. असं पृथ्वीवर त्याआधी कधी घडलं नव्हतं.

चंबू लाखेने बंद करून कपाटात ठेवला. तेरा वर्षांनी, यंदा सर निवृत्त झाले. निरोपाच्या शालीत गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"मुकुल, तुझ्याकडे आता यंत्रं आहेत. अमिनो आम्लं आहेत का बघ. छत्तीस वर्षांत हे एकच खरं काम केलंय मी."

मी सांगलीत हळदीतली भेसळ तपासतो. एसटीत कंडक्टरने विचारलं, "तूप काय?"

"पृथ्वी."

"मांडीवरच धरा मग."

अमिनो आम्लं शून्य निघाली. तळाच्या गाळात मात्र एक सेंद्रिय पदार्थ होता, माझ्या रोजच्या ओळखीचा. हळद. अमोनियात हळद लाल होते, हे मला तेरा वर्षं उशिरा आठवलं.

शाळेत तेव्हा शिपाई असलेल्या रंगुबाईंना फोन लावला.

"मावशी, खंडेनवमीला आमच्या चंबूची पूजा केली होती?"

"व्हय की. समदी यंत्रं पुजली. काचंवर हळद ऱ्हाईना, म्हणून बूच काढून आतच टाकली चिमूटभर. लय घाण वास मारत हुता बाबा. जरा वारं लागू दिलं."

म्हणजे मिथेनही गेला होता.

खोटं बोलायचं ठरवूनच सरांना फोन केला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, आणि मी सगळं खरं सांगून टाकलं.

"लाल तर झालं होतं ना रे?"

"झालं होतं, सर."

"भेळही चांगली होती." सर म्हणाले. "चंबू धुऊन परत आण. ट्यूब भरून आण. आणि रंगुबाईंना सांग, खंडेनवमीला आमच्या घरी या. बूच मीच काढून ठेवतो."