फोनमधलं पप्पा

आमचं मालक परत नोकरीला का गेलं, ते मला आता कुणी इचारू नये. गावातल्या बायकांना वाटतंय, नवराबायकोचं पटलं न्हाई. शेजारची मनुबाई तर तोंडावर म्हणाली, "पूजा, तुझं तोंड लय चालतंय, म्हणून गेलं ते." माझं तोंड चालतंय, मान्य हाय. पण त्यापायी न्हाई गेलं ते. शंभूपायी गेलं. शंभूराज म्हंजे आमचं एकुलतं एक पोरगं, सहावीला हाय.

शंभू जन्मला तवा मालक बर्फात ड्युटीवर हुतं. मिल्ट्रीतल्या माणसाची सुट्टी म्हंजे काय, आली कवा आन् गेली कवा कळत न्हाई. भावकीतली लग्नं आन् उसाची तोड, ह्यातच संपायची. म्हणून मालकांनीच मोठा फोन घेऊन दिला, पोराला बाप दिसावा म्हणून. सांजच्याला व्हिडिओ कॉल यायचा आन् शंभू सगळं सांगायचा. दात पडला तर तोंड उघडून दाखवायचा. मास्तरांनी मारलं तर हात पुढं करायचा. मालक तिकडनं फुंकर घालायचं.

कॉल संपला की गेम चालू. मी चुलीपुढं, पोरगं गप बसतंय ह्यातच मला बरं वाटायचं. गावातली बाकीची पोरं बी तसलीच. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून बसत्यात आन् ज्याचं डोकं त्याच्या फोनात. चेंडू कुणाच्या हातात दिसत न्हाई. मला वाटायचं, असू दे. मालक कायमचं घरी आलं की सगळं सुटंल. बापाचा हात डोक्यावरनं फिरला की पोरगं ताळ्यावर येतंय.

गेल्या दसऱ्याच्या टायमाला मालक रिटायर होऊन आलं. उंब्रजच्या फाट्यापासनं उघड्या जीपमधनं मिरवणूक काढली गावानं. हलगी, गुलाल, बायका आरत्या घेऊन दारात. शंभू जीपच्या पुढं उलटा चालत हुता, फोन धरून. समद्या मिरवणुकीचा व्हिडिओ त्यानं काढला आन् स्टेटसला टाकला, 'माझे पप्पा माझा अभिमान'. घरात आल्यावर मालकांनी हात पसरलं तवा पाया पडला आन् आतल्या खोलीत गेला. स्टेटस किती जणांनी बघितलं ते बघायला.

मालकांनी लय केलं हो. इहिरीवर पोहायला न्यायचं, रानात न्यायचं, खांद्यावर हात टाकून चालायचं. पोरगं जायचं, पण मन घरात चार्जिंगला लावलेलं. काय इचारलं की 'हं'. जेवलास का, हं. शाळेत काय शिकवलं, हं. त्यात मालक पडलं फौजी, हुकूम द्यायची सवय. "ठेव आधी त्यो फोन," दिसला की हेच. एकदा रागानं फोन काढून घेतला आन् आपल्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. शंभू रडला बी न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडला, ताटाला शिवला न्हाई. शेवटी मालकांनीच कुलूप काढलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग मालक पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलं आन् साहेब न्हाई म्हणून तिथंच राहावं लागलं. सांजच्याला सवयीनं व्हिडिओ कॉल केला. आन् शंभू बोलायला लागला, मी कणीक मळायची थांबले. वर्गातल्या ऋषिराजनं त्याला गेमच्या टीममधनं काढलंय, वर्गात कुणी शेजारी बसवून घेत न्हाई, सगळं सांगितलं. तोंडभर हसला काय, डोळं पुसलं काय. माझ्याच घरात राहून मला ह्यातलं काय ठाऊक नव्हतं.

मालक दुसऱ्या दिवशी कंदी पेढं घेऊन आलं, तोंड नुसतं फुललेलं. पोराजवळ बसलं. "काय म्हणतोय ऋषिराज?" म्हणालं.

"हं," म्हणाला शंभू, आन् एका हातानं पेढा खाल्ला.

त्या सांजंला मालक गोठ्यात गेलं आन् तिथनं कॉल लावला. शंभू घरात, बाप गोठ्यात. काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हणत्यात, ते माझ्या दारात चालू झालं. पोरगं चांगलं बोलत हुतं, तेवढ्यात मागं म्हस हंबरली. "घरीच हाय व्हय तुमी?" म्हणाला आन् फोन ठेवून दिला.

माझं टाळकं फिरलं. "कारट्या, बाप सोन्यासारखा घरात हाय, त्याच्याशी बोलायला तोंड दुखतंय तुझं?"

 मग म्हणाला, "आई, फोनवर पप्पा माझ्या तोंडाकडं बघत्यात. घरात आलं की माझ्या हातातल्या फोनकडं बघत्यात."

मी ते मालकांना सांगितलं. कशाला सांगितलं, वाटतंय आता. त्यांनी उठून पलटणीतल्या दोस्ताला फोन लावला, पुण्यात कंपनीच्या गेटवर जागा हुती ती इचारायला.

"आवं, मी बी माणूस हाय," म्हणाले मी. "लग्न झाल्यापासनं वाटच बघतीया. आता कुठं रोज दोन ताटं संगं वाढाय लागले, ते बी बघवंना व्हय?"

"पूजा," म्हणालं, "अजून थोडी वर्सं बोलंल त्यो माझ्याशी. मग मोठा हुईल, कुणाशीच बोलणार न्हाई. तेवढी तरी मला मिळू दे." फौजेतल्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

गेल्या आठवड्यात गेलं. पहिल्याच सांजंला कॉल आला. शंभू पळत गेला, फोन भिंतीला टेकवून मांडी घालून बसला. किती बोलला. मालक तिकडं गणवेशात, पोराच्या तोंडावरनं नजर काढत नव्हतं. मी दाराला टेकून दोघांचं हसणं ऐकत हुते, पण मला काय हसू आलं न्हाई.

फोन ठेवताना शंभू म्हणाला, "पप्पा, लय आठवण येतीया. लवकर घरी या हां."

आलं हुतं की रं, बाळा. ह्याच खाटंवर बसलं हुतं, तुझ्याजवळ.