निळ्या दिव्याचा तास

“सर, आमचा निळा मेलाय!” हारुमा ओरडला.

“मेला नाही, उपाशी आहे,” कामोदा सर म्हणाले. “दिव्याचा लांब पाय तांब्याकडे आहे ना? मग काय हवंय ते त्यालाच विचार.”

प्रत्येक टेबलावर तीन सुदाची होती, लिंबाच्या जातीची हिरवी, आंबट फळे. प्रत्येकात एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी खोचून तारांनी जोडलेली. लाल एलईडी केव्हाच लागला होता. निळा मात्र ढिम्म. आणि निळाच सगळ्यांना हवा होता, कारण निम्म्या घरांतले कोणी ना कोणी निळे एलईडी बनवणाऱ्या गावातल्या कारखान्यात कामाला जायचे.

मागे पाहुणे शिक्षक भिंतीला टेकून उभे होते. निवृत्तीआधीचा कामोदांचा हा शेवटचा प्रात्यक्षिक पाठ. उपमुख्याध्यापिका ओतानीबाई जवळ येऊन कुजबुजल्या, “सर, घंटा होईल आता. सांगून टाका ना, निळ्याला जास्त व्होल्ट लागतात म्हणून! सारांश राहिलाय.”

सारांशासाठी फळ्यावर पिवळ्या खडूची चौकट आखलेली होती. ती भरल्याशिवाय तास संपवायचा नाही, हा रिवाज कामोदांनी उभ्या नोकरीत मोडला नव्हता. त्यांनी खडू उचललाही. पण नजर चिसेकडे गेली.

वसंतात शाळा बदलून आलेली ही मुलगी वर्गात अजून एक शब्दही बोलली नव्हती. त्यांनी गोडीगुलाबीने बोलून पाहिले, थट्टा करून पाहिली, पण छे. आपण जायच्या आत तिने एकदा तरी तोंड उघडावे, एवढेच त्यांच्या मनाने घेतले होते. आत्ता ती कधी आपल्या फळांकडे, कधी शेजारच्या टेबलाकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. उत्तर सांगून टाकले तर ती पुन्हा मिटून बसेल. सरांनी खडू खाली ठेवला.

घंटा झाली. पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. चिसे आपल्या फळांची ताटली घेऊन उठली आणि हारुमाच्या टेबलापाशी गेली.

“तुमची... जोडू?”

“अगं, बोलतेस की तू!” हारुमा म्हणाला. मग घाईघाईने, “जोड, जोड! रस नको सांडूस फक्त.”

सगळ्या फळांचा रेटा एकत्र झाला. चिसेने ओंजळीचा आडोसा केला, आणि आत निळा ठिपका मिणमिणला.

“छान झालं, सर,” ओतानीबाई जाताना म्हणाल्या. “चौकट तेवढी रिकामी राहिली.”

“राहिली खरी.”

साफसफाईच्या वेळी फळा पुसायची पाळी चिसेची होती. पुसता पुसता ती थांबली.

“सर, ही चौकट पुसू?”

 कामोदांनी मान हलवली, नको म्हणून.

चिसेने चौकटीच्या कडेकडेने फडके फिरवले आणि ती तशीच रिकामी राहू दिली.