बन्सी पैलवानाचं ऑपरेशन

राधाकृष्णाच्या किराणा दुकानात दुपारच्या एसटीनं पेपर यायचा आणि देवळाली प्रवराजवळच्या आमच्या गावाला जग कळायचं. राधाकृष्ण मोठ्यानं वाचायचा. कारखान्यानं उसाला काय भाव दिला, कुठल्या मैदानात कुणी कुणाला चीत केलं, कुठं देवीची लस टोचली. प्रत्येक बातमीला तो पदरचं शेपूट जोडायचा आणि गाव नेमकं ते शेपूटच घरी घेऊन जायचं. एकाहत्तर सालच्या थंडीत तालुक्याला कुटुंबनियोजनाचं शिबीर लागल्याची बातमी आली, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून त्यानं सांगितलं, "ह्ये आपरेशन केलेल्या गड्याला पोतं उचलत न्हाई. कंबरच जाती त्याची."

पेपरात असलं काही नव्हतं. पण पेपर त्याच्या हातात होता, त्यामुळे वाद कोण घालणार?

बन्सी पैलवान तिथंच बसून हे ऐकत होता. त्याच आठवड्यात तो शिबिरात गेला आणि गुपचूप ऑपरेशन करून आला.

त्याला कारण होतं. चौथ्या बाळंतपणात त्याची बायको मनकर्णा मरता मरता वाचली होती. डॉक्टरांनी बन्सीला बाजूला घेऊन बजावलं होतं, आता पुन्हा दिवस गेले तर ही हाती लागणार नाही. तीन मुली आणि एक मुलगा, बन्सीला पुष्कळ होते. त्याच्या आईला, आक्काबाईला, नव्हते. एकुलत्या नातवाला जोड हवी, हा तिचा उठता-बसता घोष.

ऑपरेशनची गोष्ट बन्सीनं फक्त मनकर्णेला सांगितली. आईला म्हणाला, मांडीला गळू झालंय, आठवडाभर तालमीत जात नाही. आक्काबाईनं गळवावर बांधायला कांदा भाजून दिला. यानं तो मुकाट्यानं घेतला आणि गोठ्यामागं टाकून दिला.

"आत्याबाईंना सांगून टाका की," मनकर्णा म्हणाली.

"यात्रा हुऊ दे. कुस्ती मारली की सांगतो. जितलेल्या गड्याला कोन नावं ठिवनार हाय?"

पैलवान मंडळींचं हे असंच असतं. जगातला प्रत्येक प्रश्न आखाड्यात सुटतो, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं.

पण गावात काही लपून राहतं का? कुणीतरी बन्सीला शिबिराच्या मांडवात पाहिलं होतं. होळीपर्यंत कुजबुज घरोघर पोचली. आक्काबाईच्या कानावर आली तेव्हा तिनं पाणवठ्यावर दोन बायांशी कडाक्याचं भांडण केलं. मनकर्णा यात्रेचे दिवस मोजायला लागली. नवरा हरला तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बायकोनं नवऱ्याला कामातून घालवला, असंच सगळे म्हणणार होते.

चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरली. दिवसाची शेवटची, मानाची जोड बन्सीची लागली ती पुणतांब्याच्या सहादेवशी. सहादेव दहा वर्षांनी लहान आणि अंगानं उजवा. त्यानं बन्सीला सुरुवातीलाच खाली घेतलं आणि बराच वेळ मातीत रगडलं. लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. राधाकृष्ण तर, मी आधीच सांगितलं होतं, अशा चेहऱ्यानं मान हलवत होता. एवढ्यात बन्सी खालून निसटला, उभा राहिला आणि सहादेव सावरायच्या आत ढाक मारून त्यानं त्याला आभाळ दाखवलं.

फेटे उडाले. आता कुजबुज मिटली, असं बन्सीला वाटलं. तेवढ्यात राधाकृष्ण ओरडला, "बघा रं! आपरेशन केलेला गडी आसा लढंल का? कुनी पिकवली हुती ती कंडी?"

आणि सगळ्या गावाला ते पटलं! ज्यांनी आदल्या दिवशी एकमेकांच्या कानाला लागून चर्चा केली होती, त्यांनीच बन्सीला खांद्यावर घेतलं. मी त्या गर्दीत होतो. आज आठवलं की हसू येतं आणि चीडही येते. डोळ्यांसमोर धडधडीत पुरावा, आणि हे शहाणे तो उलटा वाचत होते.

हलगी वाजवत मिरवणूक बन्सीच्या दारात आली. आक्काबाईनं लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आता पुढल्या यात्रंला दुसरा नातू मांडीवर घिऊन बसते बघा!"

माणसं हसली. चौकटीशी धाकटीला कडेवर घेऊन मनकर्णा उभी होती, तिचा चेहरा उतरला. बन्सीनं तो पाहिला. गप्प बसला असता तर त्याचं नाव स्वच्छ राहिलं असतं. पुढं दर वर्षी कूस आटली म्हणून बोलणी खायची ती मनकर्णेनं, नवस करायचे तिनं आणि कुणी सांगावं, सवतही बघायची तिनंच.

"आई, आता प्वार व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "मी आपरेशन केलंय. लोकं म्हनत हुती ते खरं हाय."

हलगी थांबली. राधाकृष्णाला घरी काम असल्याचं आठवलं. आक्काबाई हातातलं ताट धरून तशीच उभी राहिली. अकरा बाळंतपणं काढलेली बाई ती, त्यातली चार पोरं जगली होती. आता ती काय बोलते याची आम्हाला सगळ्यांनाच धास्ती वाटत होती.

"दुखलं का रं लई?" तिनं विचारलं.

"न्हाई. थोडंसं."

"किती येळ लागला?"

"बिडी वढून हुईस्तवर."

"येवढंच?" आक्काबाई म्हणाली. मग कुणाकडंच न बघता हळूच बोलली, "येवढ्यावर भागत हुतं. आन् मी अकरा डाव मरनाच्या दारात जाऊन आले."

तिनं ताट ओट्यावर ठेवलं, मनकर्णेच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली आणि म्हणाली, "तू बस जरा. भाकऱ्या मी थापते."