दोन थेंब तेल

मागांची दुरुस्ती करणाऱ्या चनबसप्पा जॉबरचा हात लागला की बंद पडलेला माग शहाण्या बैलासारखा चालायला लागतो, अशी सोलापूरच्या पूर्व भागात ख्याती होती. एकदा म्हणे एका कारखान्यातले चोवीस माग एकाच वेळी अडून बसले. चनबसप्पा नुसता दारात येऊन खाकरला, तर एकोणीस आपणहून सुरू झाले. उरलेले पाच कानानं जरा कमी होते, असं तो स्वतः सांगायचा, आणि सांगताना हसायचा नाही.

असा हा माणूस दसऱ्याच्या सकाळी दहा वाजता आपल्याच घरात खुर्चीच्या कडेवर बसला होता. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचे डोळे टेबलावर होते. तिथं त्याची नात महेश्वरी लॅपटॉपपुढं वाकली होती. रात्रभर चार्जिंगला लावलेला लॅपटॉप सकाळी उघडला तर बॅटरी एकोणीस टक्के. काल रात्री होती तेवढीच.

साडेअकराला हॉलंडच्या एका टॉवेल कंपनीची बाई पडद्यावर येणार होती. महेश्वरीनं चार महिने खपून केलेलं डिझाइन ती बघणार, तिच्यासमोरच त्यात बदल करायला सांगणार, आणि हात बसलेला वाटला तर कामावर घेणार. अशा बोलावण्याची पोरगी तीन वर्षं वाट बघत होती. डिझाइनचं सॉफ्टवेअर ह्या एकाच लॅपटॉपवर चालायचं, त्यामुळं मोबाइलवर भागण्यासारखं नव्हतं. दुसरी तारीख मिळणार नाही, हे बाईनं मेलमध्येच स्वच्छ लिहिलं होतं. मुलाखत पाऊण तासाची, आणि बॅटरी इतकी म्हातारी की दहा टक्क्यांच्या खाली गेली की कधी मान टाकेल याचा नेम नाही. नुसतं चालू करून बघायचं म्हटलं तरी दोन टक्के गिळायची.

आईवडील सणाला मोहोळला गेले होते. घरात आजी अक्कम्मा पुरण वाटत होती आणि अज्जा खुर्चीच्या कडेवर.

महेश्वरीनं बसवराजला फोन लावला. लॅपटॉप दुरुस्तीचं त्याचं दुकान आज बंद, स्वतः तो वैरागला सासुरवाडीत. पण माणूस भला. जेवणाच्या पाटावरून उठून तो एकेक गोष्ट सांगत गेला आणि ती एकेक करत गेली. आधी भिंतीतला प्लग बदलला. मग चार्जरवरचा दिवा बघितला, तो हिरवागार पेटलेला. मग लॅपटॉप बंद करून बॅटरी काढली, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, बॅटरी परत बसवली. सतरा टक्के. लॅपटॉपवरचा चार्जिंगचा दिवा मेलेला. खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांकडं त्याच कंपनीचा चार्जर होता, तो धावत जाऊन आणला. पंधरा टक्के. दिवा तसाच.

प्रत्येक वेळी ती वायरीची पिन लॅपटॉपच्या कुशीतल्या गोल भोकात घालायची, आणि प्रत्येक वेळी चनबसप्पा डोळे मिटून घ्यायचा.

कारण त्या भोकाचं आणि त्याचं कालच काय झालं होतं ते त्याला एकट्याला ठाऊक होतं.

काल खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायचं काम चनबसप्पाचं. पाने, पक्कड, शिलाई मशीन, मिक्सर, विळी, स्कूटर. घरातल्या पोरीचं पोट ज्यावर चालणार ते मशीन मागं कसं ठेवायचं, म्हणून लॅपटॉपही मांडला. आणि चनबसप्पाचा चाळीस वर्षांचा नेम असा, की कोरड्या मशीनला कुंकू लावायचं नाही. आधी पुसायचं, मग तेल, मग हळदकुंकू. मागाला जिथं तेल सोडतात तिथं असंच गोल भोक असतं. लॅपटॉपला असं भोक एकच दिसलं, आत बारीक खुंटीसकट. बनवणाऱ्यानं तेलाची सोय केली हे बघून त्याला बरंही वाटलं. दोन थेंब सोडले. फार तर अडीच. वर बोटानं हळद टेकवली, हात जोडले, आणि लॅपटॉप होता तिथं नेऊन ठेवला.

आता सांगावं, तर चाळीस वर्षांची ख्याती एका सकाळीत धुऊन जाते. न सांगावं, तर पोरीची नोकरी धुऊन जाते. त्यानं चहाची साय बोटानं बाजूला केली आणि परत जागेवर आणली.

फोनवर बसवराजनं सगळं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला की दोन चार्जर लावून बघितले, म्हणजे दोष चार्जरचा नाही. आतला बोर्ड गेला असणार. दुकान परवा उघडेल, तेव्हा घेऊन या.

महेश्वरीनं फोन खाली ठेवला. घड्याळात पावणेअकरा. ती रडली नाही, ते जास्त वाईट. मोबाइल परत उचलून ती त्या बाईला मेल लिहायला लागली. दोन ओळी लिहायची, एक खोडायची.

चनबसप्पा उठला. गुडघे कटकटले.

"यव्वा, ते लिहू नको अजून," तो म्हणाला.

"अज्जा, आता बोलू नका माझ्याशी."

"बोलू दे की. बोर्ड-बिर्ड काय न्हाय गेलेला. मी तेल घातलंय त्यात."

तिला वाटलं म्हातारा धीर द्यायला काहीतरी फेकतोय. "कशात?"

"त्या भोकात. काल. पूजेच्या आधी."

तिनं मेल अर्ध्यावर सोडून मान वर केली. स्वयंपाकघरात पुरणाचं यंत्र फिरायचं थांबलं.

"किती?" तिनं विचारलं.

"दोन थेंब."

आतून अक्कम्माचा आवाज आला, "ह्यांचे दोन म्हणजे चार धर."

महेश्वरीनं मोबाइलचा टॉर्च लावून भोकात बघितलं. आत खुंटी दिसत नव्हती. पिवळा चिखल होता. तेलानं हळद आत ओढून घेतली होती, हळदीनं कापसाचे तंतू, आणि सगळ्यांनी मिळून भोकात संसार थाटला होता. ती ओरडली असती तर चनबसप्पाला सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पाऊण तास आहे. काय लागेल सांगा."

इथं मात्र म्हातारा जॉबर झाला. लॅपटॉप बंद करून बॅटरी काढायला सांगितली. अक्कम्मा इन्सुलिनची सुई टोचायच्या आधी स्पिरिटचे बोळे वापरायची, ते मागवले. खराट्याची एक हीर मोडून घेतली, तिच्या टोकाला देवाच्या वातीतला कापूस गुंडाळला, त्यावर स्पिरिट पिळलं आणि चष्मा कपाळावर चढवून तो कामाला लागला. पहिला कापूस पिवळा निघाला. दुसरा पिवळा. चौथा तपकिरी. सहावा कुठं पांढरा यायला लागला. त्याचे ओठ गोल झाले तशी महेश्वरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. फुंकर नको, आत थुंकी जाईल. मग दोघं हाताची घडी घालून स्पिरिट उडून जायची वाट बघत बसले. अशी लांब पाच मिनिटं सोलापुरात त्याआधी कुणी बघितली नव्हती.

सव्वाअकराला बॅटरी घालून पिन लावली. दिवा नाही. पिन काढून परत लावली. नारिंगी ठिणगी लुकलुकली आणि विझली.

चनबसप्पाला लगेच कळलं. कोरताना हिरीनं आतली बारीक पत्ती दबली होती. म्हणजे काल एक चूक, आज दुसरी. पिन दोन बोटांत धरून त्यानं हळूच वर उचलली, नखभर डावीकडं कलवली. दिवा लागला आणि लागून राहिला. हात काढला, विझला. चिकटपट्टी लावून बघितली, वायरीच्या वजनानं ती लोंबायला लागली. पुस्तकाचा टेकू दिला, तो जास्त झाला. अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली. अकरा टक्के.

"तू बस," म्हातारा म्हणाला, "मी धरतो."

"पाऊण तास?"

"मागाजवळ बारा बारा तास उभा ऱ्हायलोय."

तो टेबलाच्या बाजूला जमिनीवर बसला, कॅमेऱ्याच्या नजरेखाली, एक हात वर करून पिन धरलेला. अक्कम्मानं गॅस बंद केला, बाहेरच्या घंटीची वायर काढली आणि लाटणं घेऊन दारात उभी राहिली. पडद्यावर बाई आली.

इंग्रजीतलं चनबसप्पाला काही कळत नव्हतं. त्याला दिसत होते ते फक्त महेश्वरीचे पाय. बोटं फरशीला अशी रुतली होती की नखं पांढरी पडली. बाई काही विचारायची, बोटं आखडायची. महेश्वरी उत्तर द्यायची, एखादं बोट सैल पडायचं. वीस मिनिटांनी दहापैकी चार सैल झाली होती.

पंचविसाव्या मिनिटाला त्याच्या हातात गोळा आला. खांद्यापासून बोटापर्यंत कुणी सूत पिळावं तशी कळ गेली. दिवा लुकलुकला. वरून महेश्वरीचा आवाज अडखळला आणि दहाही बोटं परत आखडली. हात बदलणं भाग होतं, आणि पिन केसाएवढी हलता कामा नये. धावत्या मागातला धोटा कधी हातानं धरला होता का? धरला होता, असं तो सांगायचा. खरंखोटं त्याला ठाऊक. पण त्या क्षणी त्यानं डावा हात उजव्याच्या पाठीवरून सरकवत नेला आणि श्वास रोखून एकेक बोट बदललं. दिवा टिकला. रोखलेला श्वास मात्र खोकला होऊन बाहेर पडला.

पडद्यावरची बाई बोलायची थांबली. मग तिनं काहीतरी विचारलं.

महेश्वरीला नळ चालू राहिला, टीव्ही लागला, असं काहीही सांगता आलं असतं. पण तिनं खाली बघितलं, घामानं निथळलेल्या म्हाताऱ्याकडं, आणि जे होतं ते सांगून टाकलं. 'ग्रँडफादर' आणि 'ऑइल' हे दोन शब्द चनबसप्पाला कळले, आणि मान आणखी खाली गेली.

पलीकडून हसणं आलं नाही. बाईनं एक प्रश्न विचारला.

"अज्जा," महेश्वरी ओठ न हलवता म्हणाली, "त्यांना तुम्हाला बघायचंय. उठू नका. मी पडदा वाकवते."

पडदा हळूहळू खाली झुकला. चनबसप्पानं मोकळा उजवा हात छातीशी नेला आणि आपल्या घरच्या रीतीचा नमस्कार घातला, "शरणार्थी." डावा हात दगडासारखा जागेवर. बाईनंही तसाच एक हात छातीला लावला. पडदा परत सरळ झाला, बाईनं काठातला एक रंग बदलायला सांगितला, आणि महेश्वरीची बोटं कीबोर्डवर पळायला लागली. पायांची बोटं तर तिला आहेत हेच ती विसरून गेली.

बारा वाजून सतरा मिनिटं झाली तेव्हा पडदा काळा झाला. दारातून अक्कम्मानं लाटण्यानंच खूण करून विचारलं, काय झालं.

"एक तारखेपासून," महेश्वरी म्हणाली. "तीन महिने कामावर घेऊन बघणार. मग पक्कं करणार."

"मग सोडू का?" खालून आवाज आला.

"सोडा की."

थोडा वेळ गेला.

"सुटंना," चनबसप्पा म्हणाला.

ती खुर्चीवरून उतरून त्याच्याशेजारी फरशीवर बसली आणि त्याची ताठरलेली बोटं एकेक करून उलगडू लागली. तिसऱ्या बोटाला पिन निसटली, दिवा विझला. दोघांनीही तिकडं बघितलं नाही.